हिरव्या पानाचा रस्ता नागपूरच्या हवेला किती मानवतो?

तुमचे तीन प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मानेवाड्याहून सदरला तुम्ही रोज कारने जाता. गूगल मॅप्स हल्ली हिरव्या पानाचं चिन्ह असलेला मार्ग पुढे करतो. त्याला तीन-चार मिनिटं जास्त लागतात आणि मधेच तो वस्तीतल्या गल्ल्यांत शिरतो. या मार्गाने प्रदूषण खरंच कमी होतं का? सगळ्यांनीच तो धरला तर शहराच्या वाहतुकीचं काय होईल? आणि तुमच्या स्वतःच्या गल्लीत वाढलेल्या परक्या गाड्यांचं काय करायचं? मी वाहतूक नियोजनात काम करतो. विदर्भातल्या शहरांच्या चौकांत उभं राहून गाड्या मोजायच्या आणि त्यावरून सिग्नलच्या वेळा, एकेरी मार्ग, वळणबंदी ठरवायची, यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

आधी मुद्द्याचं सांगतो. ते पान तुमच्या गाडीचं इंधन मोजतं आणि ते काम बऱ्यापैकी नीट करतं. शहराची हवा मात्र धूर कुठे निघतो, कोणत्या वेळी निघतो आणि तिथे किती माणसं श्वास घेत असतात यावर ठरते. यातलं काहीच पानाच्या हिशेबात नाही. म्हणून पान दिसलं की मुकाट्याने त्याच्या मागे जावं, असं मी सांगणार नाही. ते बंद करून टाका, असंही नाही.

ही सोय अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी युरोपात गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने ती भारतात, कारबरोबर दुचाकींसाठीही, आणत असल्याचं जाहीर केलं. मूळ गणित अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या मदतीने बसवलेलं आहे. त्याची रीत साधी आहे. रस्त्याचे लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर गाड्यांचा सरासरी वेग आणि चढ-उतार पाहायचा, तेवढ्या वेगाला त्या प्रकारचं इंजिन किती इंधन खातं ते धरायचं आणि बेरीज करायची. ज्या मार्गाची बेरीज कमी आणि वेळ फारसा जास्त नाही, त्याला पान मिळतं. इंजिनाचा प्रकार निवडायची सोय असते, ती जरूर वापरा. डिझेल गाडीला मोकळा, वेगाचा रस्ता अधिक मानवतो; हायब्रिड आणि विजेच्या गाडीला थांबत-थांबत जाणं तितकं महाग पडत नाही, कारण ब्रेक मारताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत जाते.

नागपूर सपाट शहर आहे. सेमिनरी हिल्सचा भाग आणि उड्डाणपुलांचे चढ सोडले तर इंजिनाला दम लागेल असं काही नाही. डोंगराळ शहरात पान चढ टाळून पुष्कळ इंधन वाचवतं, तो फायदा इथे जवळपास नाहीच. इथे सगळा खेळ वेगाचा आणि थांबण्याचा आहे.

साध्या पेट्रोल कारला दर किलोमीटरला सर्वांत कमी इंधन लागतं ते साधारण ताशी ५० ते ७० किलोमीटरच्या स्थिर वेगाला. वेग त्याच्या खाली गेला की खर्च वाढत जातो, आणि १०-१५ च्या रखडत्या वेगाला तो सहज दुप्पट होतो. म्हणून सगळ्यांत जवळचा रस्ता कमी इंधनाचा असेलच असं नाही, आणि सगळ्यांत वेगवानही असेल असं नाही. स्वीडनमधल्या लुंड शहरात २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथले लोक आपल्या मनाने जे मार्ग धरत होते त्यातले ४६ टक्के प्रवास इंधनाच्या दृष्टीने सर्वोत्तम नव्हते, आणि ते बदलले असते तर त्या प्रवासांवर सरासरी ८.२ टक्के इंधन वाचलं असतं. सगळे प्रवास मिळून बघितलं तर बचत जवळपास ४ टक्के. चांगल्या परिस्थितीत पान किती देऊ शकतं याचा हा प्रामाणिक अंदाज मी धरतो.

आता हे तुमच्या प्रवासाला लावून बघू. मानेवाडा ते सदर नऊ किलोमीटर धरा आणि गाडी शहरात लिटरला १४ देते असं धरा. एका फेरीला साधारण ६४० मिलिलीटर पेट्रोल लागलं. पानामुळे ६ टक्के वाचले असं उदारपणे मानलं तर ते झाले जेमतेम ४० मिलिलीटर. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका फेरीत नव्वदेक ग्रॅम वाचला. वर्षाला सहाशे फेऱ्या झाल्या तर २३ लिटर पेट्रोल आणि ५० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. ही बचत खरी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. गूगलनेही स्वतःच्या अंदाजाने २०२२ अखेरपर्यंत या सोयीमुळे १२ लाख टन कार्बन डायऑक्साइड टळल्याचं सांगितलं होतं. थेंबे थेंबे तळे साचे, हे इथे अक्षरशः लागू पडतं.

पण तेच ४० मिलिलीटर दुसरीकडे कसे सांडतात ते बघा. लहान पेट्रोल कार उभ्या जागी तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. मे महिन्यात एसी चालू असेल तर लिटरच्या घरात जाते. नव्वद सेकंदांच्या एका लाल दिव्याला पंधरा ते पंचवीस मिलिलीटर गेले. थांबलेली गाडी पुन्हा वेगात आणायला वेगळं इंधन लागतं: हजार किलोची कार शून्यावरून चाळीसवर न्यायला सात-आठ मिलिलीटर. म्हणजे पान ज्या मार्गाने नेतं त्यावर दोन लाल दिवे जास्त लागले तर सगळी बचत तिथेच संपली. उलट, तुम्ही मेडिकल चौकातल्या लांब सिग्नलला आणि पुढे कॉटन मार्केटच्या गर्दीत इंजिन बंद करण्याची सवय लावली तर तेवढंच पेट्रोल कोणताही मार्ग न बदलता वाचतं. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे काही सिग्नल बंद ठेवतात, काही ठिकाणी वर हिरवी जाळी ताणतात. ते उन्हात होरपळणाऱ्या दुचाकीवाल्यांसाठी असतं, पण ज्या चौकात दुपारी रहदारी तुरळक असते तिथे सिग्नल बंद असण्याने इंधनही वाचतं.

गतिरोधकांचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे, आणि नागपुरात तर फारच. मॅपला रस्त्याच्या तुकड्यावरचा सरासरी वेग कळतो. त्या तुकड्यात तुम्ही किती वेळा ब्रेक दाबला आणि किती वेळा पुन्हा रेटलं हे तो अंदाजानेच धरतो. आता मानेवाडा, हुडकेश्वर, न्यू सुभेदार या भागांतली कोणतीही आतली गल्ली डोळ्यांसमोर आणा. घरोघरच्या मागणीवरून घातलेले गतिरोधक, कुठे सिमेंटचा उभा गोळा, कुठे रबराच्या पट्ट्या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार असायला हवा, म्हणजे गाडी २५ च्या वेगाने त्यावरून आरामात जाते. आपल्या गल्लीतला गतिरोधक हातभर रुंद असतो आणि त्याच्यापुढे गाडीला जवळजवळ थांबावंच लागतं. तीसच्या वेगावरून पाचवर येऊन पुन्हा तीसवर जायचं तर प्रत्येक वेळी तीन-चार मिलिलीटर. चारशे मीटरच्या गल्लीत असे चार भेटले की मुख्य रस्ता सोडून गल्लीत शिरण्यात काही अर्थ उरत नाही. शिवाय दर वेळी ब्रेक पॅडची आणि टायरची भुकटी हवेत जाते ती वेगळीच.

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कार्बन डायऑक्साइडचा एक किलो वर्धा रोडवर निघाला काय आणि महालच्या जुन्या, दाट वस्तीत निघाला काय, पृथ्वीच्या दृष्टीने सारखाच. नायट्रोजन डायऑक्साइड, सूक्ष्म धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड यांचं तसं नाही. हे वायू आणि कण निघतात तिथेच आधी कुणाच्या तरी छातीत जातात. मोठ्या रस्त्याच्या कडेला त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं आणि दीडशे-दोनशे मीटर आत गेलं की बरंच उतरतं. म्हणजे शंभर गाड्या वर्धा रोडसारख्या रुंद, दोन्ही बाजूंनी मोकळ्या रस्त्यावरून गेल्या तर धूर वाऱ्याला मिळतो. त्याच शंभर गाड्या महालातल्या किंवा इतवारीतल्या एखाद्या गल्लीतून गेल्या, जिथे दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरं, खाली दुकानं, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं, तर तो धूर भिंतींमध्येच घुटमळत राहतो. रस्त्याच्या रुंदीपेक्षा इमारतींची उंची जास्त झाली की वरचा वारा वरूनच निघून जातो आणि खालची हवा जागच्या जागी फिरत राहते. इंधन तेवढंच, कदाचित थोडं कमीही, पण माणसांच्या छातीत गेलेला धूर कितीतरी पट जास्त. मॅपवर अशा गल्लीलाही पान मिळू शकतं.

उड्डाणपुलाखालचीही तीच अडचण. वर्धा रोडवर आणि आता कामठी रोडवर आपल्याकडे दुमजली पूल आहेत, वर मेट्रो, मधे गाड्यांचा पूल, खाली जुना रस्ता. लांब जाणारी गाडी वरून गेली तर तिला सिग्नल लागत नाहीत आणि तिचा धूर उंचावर, मोकळ्या वाऱ्यात सुटतो. तीच गाडी खालून गेली तर डोक्यावर छत असल्यामुळे धूर लवकर विरत नाही आणि तो फुटपाथवरच्या माणसाला, ऑटोवाल्याला, सिग्नलवरच्या हवालदाराला भोगावा लागतो. त्यामुळे पूल वापरता येत असेल तर वापराच. फोन मात्र इथे कधीकधी गोंधळतो, कारण जीपीएसला वरचा रस्ता आणि खालचा रस्ता नेमका वेगळा करता येत नाही; वरच्या गाड्यांचा वेग आणि खालच्यांचा वेग एकमेकांत मिसळला तर पानाचा हिशेबही चुकतो. जुलै २०२४ मध्ये गूगलने भारतातल्या ४० शहरांसाठी पूल आधीच सांगण्याची सोय आणि आठ शहरांत कारला अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय जाहीर केली. त्या आठांत नागपूर नव्हतं.

वेळेचंही असंच. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या सकाळी वारा पडलेला असतो, जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावर उबदार थर बसलेला. त्या थराखाली धूर कोंडला जातो. नेमकी तीच वेळ शाळांची आणि ऑफिसांची. जानेवारीतल्या सकाळी आठला धरमपेठेतल्या शाळेसमोरच्या गल्लीत निघालेला एक ग्रॅम धूर आणि मे महिन्यात दुपारी तीनला रिंग रोडवर निघालेला एक ग्रॅम धूर यांत मुलांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. देशाच्या मानकाप्रमाणे पीएम २.५ चं, म्हणजे सर्वांत बारीक धूलिकणांचं, वर्षाचं सरासरी प्रमाण घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा ५ वर आणली. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरचं नाव आहे ते मानक पाळता न आल्यामुळेच. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं, शहरभर सुरू असलेली बांधकामं, रस्त्याकडेची उघडी माती, हे सगळं त्यात आहे. मोठ्या धूलिकणांत तर रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा वाटा मोठा असतो, आणि खोदून ठेवलेल्या गल्लीतून गाडी गेली की विजेची असो वा पेट्रोलची, धूळ तेवढीच उडते. पान ही धूळ मोजत नाही.

गाडी किती जुनी आहे, हेही ते विचारत नाही. डिझेल कारला बीएस-४ (भारत स्टेज) या धुराच्या जुन्या मानकात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ०.०८ वर आली. सारख्याच मार्गावर, सारखंच डिझेल जाळून, दोन गाड्या हवेत तिपटीचा फरक करू शकतात. तुमची गाडी जुनी डिझेल असेल तर दाट वस्ती टाळणं हे तुमच्यासाठी पानापेक्षा महत्त्वाचं आहे.

आता दुसरा प्रश्न. सगळ्यांनी पान धरलं तर?

वाहतूकशास्त्रात १९५२ साली वॉर्ड्रॉप नावाच्या संशोधकाने दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या करून ठेवल्या. प्रत्येक जण आपल्यापुरता उत्तम रस्ता निवडतो तेव्हा एक समतोल तयार होतो: कुणालाही मार्ग बदलून फायदा उरत नाही. पण सगळ्यांचा मिळून एकूण वेळ किंवा एकूण इंधन कमीत कमी करायचं असेल तर लागणारी वाटणी वेगळी असते, आणि त्यात काहींना स्वतःला न परवडणारा रस्ता घ्यावा लागतो. १९६८ मध्ये ब्रेस या गणितज्ञाने दाखवलं की जाळ्यात एक नवा रस्ता जोडला तरी, प्रत्येक जण आपलंच पाहत असेल तर, सगळ्यांचा प्रवास लांबू शकतो. मॅपने अनेक गल्ल्या लोकांसाठी अशाच ‘जोडल्या’. त्या आधीही होत्या, पण त्या भागात राहणाऱ्यांनाच ठाऊक होत्या.

मोजके लोक पान वापरतात तोवर ते त्यांच्या फायद्याचं असतं आणि शहराला त्याचा उपद्रव नसतो. संख्या वाढली की जी गल्ली मोकळी म्हणून निवडली तीच भरते, वेग पडतो, इंधन वाढतं आणि मॅप पुढच्या गल्लीकडे बोट दाखवतो. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर हिवाळी अधिवेशनात बघा. मोर्चे निघाले, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटकडे बॅरिकेड लागले, झिरो माइलच्या आसपास रहदारी वळवली की बर्डीच्या बाजारातल्या ‘मोदी नंबर’ नावाच्या गल्ल्यांत कार शिरायला लागतात. या गल्ल्या पायी माणसांच्या आणि दुचाकींच्या. समोरून दुसरी कार आली की दोघींना हलता येत नाही, मागे ऑटो, ऑटोच्या मागे हातगाडी, दुचाकी दोन्ही बाजूंनी घुसलेल्या, आणि सगळ्यांची इंजिनं चालू. बाहेर बॅरिकेड लावणाऱ्या हवालदाराला हा जाम दिसत नाही, आणि मॅपला कळेपर्यंत आणखी गाड्या आत आलेल्या असतात. मी तिथे उभा राहून मोजणी केली आहे. पाऊण तास एकच रांग सरकत नाही आणि दुकानदार शटर अर्धं ओढून घेतात, कारण धूर आत येतो.

हा त्रास फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या लिओनिया या छोट्या गावात, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे जाणाऱ्या गाड्या ॲपच्या नादाने गावातल्या रस्त्यांवर इतक्या उतरायला लागल्या की जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी आतले रस्ते बाहेरच्यांसाठी बंद केले.

याचा अर्थ सगळ्यांनी पान वापरणं वाईटच, असाही काढू नका. ओहायोमधल्या क्लीव्हलँड आणि कोलंबस शहरांच्या रस्त्यांवर संगणकात केलेल्या प्रयोगात, वेळेऐवजी इंधन बघून गाड्या वाटल्या तेव्हा शहरभराचं इंधन ३.३ ते ९.३ टक्के कमी झालं. पण तिथल्या रस्त्यांना पदर आहेत: महामार्ग, मग मोठे रस्ते, मग आतले रस्ते, आणि गाड्या आपापल्या लेनमध्ये. आपल्याकडे एकाच रस्त्यावर दुचाकी, ऑटो, ई-रिक्षा, ट्रक, सायकल आणि गायी एकत्र असतात. तिथला आकडा उचलून इथे लावायची माझी तयारी नाही.

नागपुरात पान खरोखर कामाला येतं ते रिंग रोडच्या बाबतीत. हिंगण्याहून कामठीला जायचं तर शहरातून अंतर कमी, बाहेरून जास्त. स्थिर पन्नास-साठने जाणारी गाडी रखडत जाणाऱ्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे इतकं कमी इंधन खाते की बाहेरचा रस्ता दीडपटीच्या जवळ लांब असला तरी हिशेब बरोबरीला येतो. अशा वेळी पान तुम्हाला बाहेरून नेत असेल तर आनंदाने जा; तुमचं पेट्रोल वाचेल आणि कॉटन मार्केट, मेयो, गांधीबाग या भागांतल्या माणसांच्या वाट्याचा धूरही.

ट्रकच्या बाबतीत हे सगळं दहापटीने लागू आहे. नागपूर देशाच्या मधोमध, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, वाडीत गोदामंच गोदामं, कळमन्यात बाजार समिती. एक जुना मालट्रक हवेत टाकतो तेवढे सूक्ष्म कण टाकायला कितीतरी कार लागतात. बीएस-६ च्या नव्या ट्रकमध्येही नायट्रोजन ऑक्साइड मारणारी युरियाची यंत्रणा धुराड्यातला वायू साधारण २०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि जाममध्ये रखडणारा ट्रक तेवढा तापतच नाही. म्हणून ट्रक वाहता ठेवणं आणि वस्तीबाहेर ठेवणं याला पर्याय नाही. सामान्य मॅपला ट्रकची उंची, वजन, नो-एंट्रीच्या वेळा कळत नाहीत. ज्यांचे पाच-दहा टेम्पो रोज वाडीहून शहरात माल टाकतात त्यांनी मालवाहतुकीसाठी बनवलेलं मार्गनियोजन वापरावं, फेऱ्या एकत्र कराव्यात आणि शक्यतो उजवी वळणं टाळावीत, कारण आपल्याकडे उजव्या वळणालाच समोरची रहदारी अडवते आणि गाडी चौकात उभी राहते. अमेरिकेतल्या यूपीएस कंपनीने तिथल्या उजव्या बाजूच्या रहदारीत डावी वळणं टाळून हेच वर्षानुवर्षं केलं आहे. कारवाल्यांच्या पानापेक्षा वाडीतल्या मालधक्क्यावरचा हा बदल नागपूरच्या हवेला जास्त देईल, असं माझं ठाम मत आहे.

सिग्नलचंही तेच. गूगलच्याच दुसऱ्या उपक्रमात, ज्यात कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद ही भारतीय शहरं आहेत, मॅपच्या माहितीवरून सिग्नलच्या वेळा सुधारल्या जातात. थांबे ३० टक्क्यांपर्यंत आणि चौकातलं उत्सर्जन १० टक्क्यांपर्यंत घटू शकतं, असे त्यांचे सुरुवातीचे आकडे आहेत. ते निम्मे खरे ठरले तरी हा रस्ता जास्त चांगला, कारण त्याचा फायदा स्मार्टफोन नसलेल्या ऑटोवाल्यालाही मिळतो आणि एकही गाडी कुणाच्या गल्लीत ढकलावी लागत नाही.

तुमच्या रोजच्या प्रवासापुरतं सांगायचं तर पानाचा मार्ग सुरू करण्याआधी एकदा बोटाने सरकवून बघा. तो मोठ्या रस्त्यांवरूनच नेत असेल तर घ्या, तीन मिनिटं जास्त लागली तरी. गल्लीतून, शाळेवरून, दवाखान्याच्या मागून नेत असेल तर सोडा आणि मुख्य रस्ता धरा. वीस-तीस मिलिलीटर पेट्रोल जास्त गेलं तरी चालेल. आठवड्यातले एक-दोन दिवस छत्रपती चौक किंवा अजनी चौकापर्यंत दुचाकीने जाऊन तिथून मेट्रोच्या ऑरेंज लाइनने कस्तुरचंद पार्कला उतरता आलं तर बघा. तिथून सदर जवळच. ज्या दिवशी तुम्ही कार काढली नाही त्या दिवशी फेरीमागचं जवळपास सगळं ६४० मिलिलीटर वाचतं. कोणतंही पान एवढं देऊ शकत नाही.

राहिली तुमची गल्ली. गतिरोधक मागू नका, कारण वर सांगितल्याप्रमाणे त्याने धूर आणि आवाज दोन्ही वाढतात आणि मॅप तरीही गाड्या पाठवत राहतो. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळांत सलग चार-पाच दिवस गाड्यांची मोजणी करा. गल्लीतल्या कॉलेजच्या मुलांना बसवा, कार, दुचाकी, ऑटो, टेम्पो असे रकाने करा, आणि गल्लीत न थांबता सरळ दुसऱ्या टोकाने बाहेर पडणाऱ्या गाड्या वेगळ्या मांडा. हा वेगळा आकडाच सगळ्यांत महत्त्वाचा, कारण त्याशिवाय तुमची तक्रार ‘गर्दी वाढली’ एवढीच राहते. तो घेऊन वाहतूक पोलीस उपायुक्तांकडे एकेरी मार्गाची किंवा ठरावीक वेळेच्या चारचाकी बंदीची मागणी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये वाहनांवर अशी बंधनं घालता येतात. अर्जावर नगरसेवकाची आणि जवळच्या शाळेची सही असली तर फाइल लवकर हलते. गल्लीच्या एका टोकाला दुचाकी आणि सायकल जाईल पण कार जाणार नाही एवढ्या अंतरावर खांब बसवणं हा त्याहून पक्का उपाय आहे. मात्र रुग्णवाहिका आणि अग्निशमनची गाडी दुसऱ्या टोकाने आत येऊ शकते ना, हे आधी अग्निशमन विभागाकडून लेखी घ्या. आदेश निघाला आणि फलक लागला की त्याच दिवशी फलकाचा फोटो जोडून मॅपमध्ये बदल सुचवा. एकाने सुचवलं तर ते पडून राहतं; गल्लीतल्या दहा-बारा जणांनी वेगवेगळ्या खात्यांवरून सुचवा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर तर तुम्ही स्वतःच बदल करू शकता, आणि माल पोहोचवणाऱ्या काही कंपन्यांच्या ॲपमध्ये तोच नकाशा असतो. पंधरा दिवसांनी त्याच वेळांना पुन्हा मोजणी करा आणि शेजारच्या समांतर गल्लीतही करा, कारण तुमच्याकडून हटलेल्या गाड्या तिकडे गेल्या असतील तर पुढचा अर्ज त्या गल्लीतल्या लोकांसोबत मिळून करावा लागेल.